तपकिरी बाटलीतलं पिवळं पेय

गेल्या अंकात जपानी सार्वजनिक न्हाणीघरांवर लिहिताना मी ओरोनामिन सी या फसफसत्या पेयाच्या बाटलीचा ओझरता उल्लेख केला होता. आंघोळीनंतर ती पिण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही, असं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्या बाटलीलाच दिलं आहे.

प्रश्न : ताई, आमचा मुलगा नागोयाला नोकरी करतो. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर त्याच्या हातात एक छोटी तपकिरी बाटली असते. दिसायला थेट खोकल्याच्या औषधासारखी. विचारलं तर म्हणतो, "बाबा, याने थकवा जातो." हे औषध आहे का? रोज घेतलेलं चालतं का? त्याच्या आईला झोप नाही.

आईंना आधी सांगा, बाटलीत दारू नाही आणि औषधही नाही. ते शीतपेय आहे, आणि ते औषध नाही यामागे एक मोठी गोष्ट आहे. ती सांगितली की तुमची शंका आपोआप फिटेल.

जपानमध्ये १९६२ साली ताइशो या औषध कंपनीने लिपोव्हितान डी नावाची छोटी बाटली बाजारात आणली. टॉरिन आणि ब गटातली जीवनसत्त्वं असलेलं हे पेय औषधांच्या दुकानात मिळायचं आणि थकलेली माणसं तिथेच उभ्याने घेऊन पुढे जायची. तो काळ कारखान्यांचा, जादा पाळ्यांचा. थकवा हाच तेव्हा मोठा ग्राहक होता. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, ओत्सुका या कंपनीने ओरोनामिन सी आणलं. ओत्सुका मूळची शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतातल्या नारुतोची. तिथे १९२१ मध्ये मिठागराच्या उरलेल्या खारट पाण्यातून रसायनं काढण्यापासून त्यांची सुरुवात झाली. १९५३ पासून त्यांचं ओरोनाइन नावाचं मलम घराघरांत होतं. त्या मलमाचं 'ओरोना', व्हिटॅमिनचं 'मिन' आणि जीवनसत्त्व 'सी', असं हे नाव जुळलं.

ओत्सुकाने मात्र एक वेगळी गोष्ट केली. जीवनसत्त्वांचं पेय प्यायला गोड वाटावं म्हणून त्यात बुडबुडे सोडले. आणि त्या बुडबुड्यांमुळेच सरकारने त्याला औषध म्हणून मान्यता दिली नाही. फसफसतं ते शीतपेय, असा हिशेब. औषधांच्या दुकानाचं दार बंद झालं. मग कंपनीची माणसं किराणा दुकानं, तंबाखूची दुकानं, न्हाव्याची दुकानं, रेल्वे फलाटावरचे ठेले आणि सार्वजनिक न्हाणीघरं अशा ठिकाणी फिरली, आणि औषधाच्या बाटलीसारखी दिसणारी ही बाटली दूध-सोड्याच्या शेजारी जाऊन बसली. मला ही गोष्ट फार आवडते. बाटली औषधांच्या दुकानातल्या कपाटात राहिली असती तर माझ्या घरमालकीणबाईंच्या फ्रिजमध्ये कधी आली नसती. (लिपोव्हितानसारखी पेयं किराणा दुकानात यायला १९९९ साल उजाडलं.)

आता तुमच्या मुलाच्या थकव्याकडे वळू. एका बाटलीत १२० मिलिलिटर पेय असतं. त्यात २२० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व, थोडी ब-२, ब-६ आणि नायसिन, काही अमिनो आम्लं, मध, साखर आणि सुमारे १८ मिलीग्रॅम कॅफीन. साधी कपभर कॉफी घेतली तर कॅफीन याच्या चार-पाच पट जातं, म्हणजे झोप उडण्याइतकं हे नाही. जीवनसत्त्वांनी अर्ध्या तासात थकवा जात नाही, कमतरता नसेल तर मुळीच नाही. मी ओसाकात अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि हे वाक्य मी ठामपणे लिहू शकते. मग तरतरी येते कशाने? साखरेने, गारव्याने, नाकात जाणाऱ्या बुडबुड्यांनी, चिमूटभर कॅफीनने. आणि काम संपलं, आता पाच मिनिटं बसायचं, या भावनेने. माझ्या मते या शेवटच्या गोष्टीचाच वाटा सर्वांत मोठा.

रोज एक बाटली प्यायल्याने धडधाकट तरुणाचं काही बिघडत नाही. साखर मात्र सुमारे १९ ग्रॅम आहे, तेव्हा त्या दिवशीचं दुसरं गोड पेय त्याने सोडावं. आणि रोज रात्री थकून बाटलीच लागत असेल, तर बाटलीबद्दल विचारू नका. तो किती वाजता घरी येतो ते विचारा.

प्रश्न : गावाकडच्या जपानी घरांच्या भिंतींवर चष्मा घातलेल्या एका माणसाची जुनी पत्र्याची पाटी दिसते, हातात हीच बाटली. तो कोण?

ओमुरा कोन. जन्म १९३१ चा, ओसाकाच्या आसपासच्या कान्साई भागातला विनोदी नट. १९५९ साली टीव्हीवर त्याची एक विनोदी ऐतिहासिक मालिका चालायची, प्रायोजक ओत्सुका. त्यातल्या नायकाचं नावच 'ओरोनाई नानको' होतं. जपानीत मलमाला 'नानको' म्हणतात, म्हणजे नायक पडद्यावर आला की मलमाचं नाव आपोआप उच्चारलं जायचं. पुढे पेय निघालं तेव्हा याच नटाच्या हातात बाटली दिली. "आनंद झाला की चष्मा घसरतो हो," हे त्याचं जाहिरातीतलं वाक्य साठी ओलांडलेल्या कोणत्याही कान्साईकराला पाठ असतं. 'गेंकी हात्सुरात्सु', म्हणजे उत्साहाने अगदी मुसमुसलेला, ही घोषणाही तिथलीच.

त्या पाट्या मिन्याच्या आहेत, पत्र्यावर काचेचा मुलामा देऊन भाजलेल्या. म्हणून इतक्या पावसाळ्यांनंतरही रंग टिकलाय. कडेने गंज चढतो, चेहरा मात्र तसाच हसतो. नारा शहराकडे जाणाऱ्या एका जुन्या रस्त्यावर अशी पाटी आहे. मी प्रत्येक वेळी तिथे गाडी हळू करते.

प्रश्न : 'एका बाटलीत ५० लिंबांएवढं क जीवनसत्त्व' असं जपानी पेयांवर छापलेलं असतं. ५० लिंबं इवल्याशा बाटलीत मावतात तरी कशी? ही फसवणूक नाही का?

फसवणूक म्हणणार नाही, पण हा आकडा वाचायला शिकावं लागतं. मीही पहिल्यांदा दुकानात उभी राहून बाटली उलटसुलट करून पाहिली होती.

जपानमधल्या पेय आणि गोळ्या-चॉकलेटच्या धंद्यात १९८७ पासून एक माप ठरलेलं आहे : एक लिंबू म्हणजे २० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व. हे माप हवेतून आलेलं नाही. जपानच्या अन्नघटक तक्त्यात १०० ग्रॅम लिंबूरसात ५० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व दिलेलं आहे, आणि तिथल्या मोठ्या पिवळ्या लिंबातून साधारण ३०-४० ग्रॅम रस निघतो. गुणाकार करा, वीसच्या आसपास येतो. पण हा हिशेब फक्त रसाचा. सालीसकट अख्खं लिंबू घेतलं तर त्याच तक्त्यात १०० ग्रॅमला १०० मिलीग्रॅम आहे. जीवनसत्त्वाचा मोठा वाटा आपण सालीबरोबर टाकून देतो.

आता बाटल्या घ्या. सी१००० व्हिटॅमिन लेमनच्या १४० मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलीग्रॅम, म्हणून ५० लिंबं. सनटोरी कंपनीच्या सी.सी. लेमनची जाहिरात एकेकाळी '७० लिंबांचं' अशी व्हायची. हे पेय १९९४ चं, अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं, आणि इतकं लोकप्रिय की २००६ पासून काही वर्षं तोक्योतल्या शिबुया सार्वजनिक सभागृहालाच सी.सी. लेमन हॉल असं नाव होतं. ओरोनामिन सीचे २२० मिलीग्रॅम याच मापाने ११ लिंबं होतात. पण त्या बाटलीवर लिंबांची गणती कधी ठळक नसते, आणि मला तो संयम आवडतो.

ही जीवनसत्त्वं लिंबं पिळून काढलेली नाहीत. ती ग्लुकोजपासून कारखान्यात बनतात. १९३३ मध्ये राइखश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने ती पद्धत शोधली आणि त्यानंतर क जीवनसत्त्व स्वस्त झालं. रेणू तोच, शरीराला फरक कळत नाही. तेव्हा 'कृत्रिम आहे म्हणून वाईट' असंही म्हणू नका.

खरा प्रश्न वेगळा आहे. जपानच्या आहारमानकांनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १०० मिलीग्रॅम पुरे. एका वेळी १००० घेतले तर आतडं त्यातलं कमी प्रमाणात शोषतं आणि जे जास्तीचं आत जातं ते मूत्रातून निघून जातं. ५० लिंबांपैकी बहुतेक लिंबं गटारात. शरद ऋतूत नाराची काकी (पर्सिमन) फळं बाजारात येतात, नारिंगी, चकचकीत. त्यांत १०० ग्रॅमला ७० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असतं. एक मध्यम काकी खाल्लं की दिवसाची गरज भागली, आणि खायला किती सुंदर!

प्रश्न : बाटली नेहमी तपकिरीच का? आणि ते पेय प्यायल्यावर लघवी गडद पिवळी होते, हे वाईट लक्षण आहे का? विचारायला संकोच वाटतो.

संकोच नको, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे : ब-२, म्हणजे रायबोफ्लेविन. पेयाचा पिवळा रंग त्याचाच, आणि शरीराने जास्तीचं बाहेर टाकलं की तोच रंग लघवीत दिसतो. काही तासांत जातो. हेच जीवनसत्त्व उजेडात फार लवकर मोडतं, आणि मोडताना सोबतच्या क जीवनसत्त्वालाही बिघडवतं. तपकिरी काच निळा आणि अतिनील प्रकाश अडवते, म्हणून ती बाटली. प्रयोगशाळेत मी एकदा हे पेय पांढऱ्या पेल्यात ओतून अतिनील दिव्याखाली धरलं होतं. काजव्यासारखं हिरवं-पिवळं चमकलं. शेजारच्या टेबलावरचे सगळे उठून आले.

प्रश्न : झाकणाची कडी ओढली की झाकण फाटूनच निघतं, परत लावता येत नाही. अर्धी बाटली ठेवून द्यायची तर कशी? फिरकीचं झाकण का देत नाहीत?

हा प्रश्न मी ओबासानना विचारला होता. ओबासान म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, आम्ही सगळे भाडेकरू त्यांना असंच म्हणायचो. त्या भांडी घासत होत्या. हात थांबले.

१९८५ साली जपानमध्ये व्हेंडिंग मशीनच्या खालच्या कप्प्यात कुणीतरी पेयांच्या बाटल्या ठेवून जात होतं. पेय घ्यायला आलेल्या माणसाला वाटायचं, आधीच्या ग्राहकाची विसरलेली बाटली असेल, किंवा एकावर एक फुकट मिळाली असेल. त्या बाटल्यांत पॅराक्वाट हे तणनाशक मिसळलेलं होतं. शेतकऱ्याला ते तेव्हा सहज मिळायचं आणि त्यावर उतारा नाही. त्या वर्षी वेगवेगळ्या प्रांतांत अनेक माणसं अशी गेली. करणारा कधीच सापडला नाही. बऱ्याच बाटल्या याच पेयाच्या होत्या, कारण घरोघरी तीच असायची आणि फिरकीचं झाकण उघडून पुन्हा बसवता यायचं. त्यानंतर झाकण बदललं. एकदा उघडलं की उघडलेलं दिसतंच.

ओबासान म्हणाल्या, त्या वर्षी त्यांनी मुलांना मशीनजवळ फिरकू दिलं नव्हतं. आणि अजूनही बाटली उघडताना 'टक्' आवाज आला की त्यांना बरं वाटतं. तेव्हापासून मीही तो आवाज ऐकते. झाकण परत लागत नाही ही अडचण समजू नका. १२० मिलिलिटर आहे, एका बैठकीत संपवा. नाही संपलं तर पेल्यात ओतून दुसऱ्याला द्या.

प्रश्न : मी तोक्योत निशि-कासाईला राहते. माझा आठ वर्षांचा मुलगा बेसबॉलच्या सरावानंतर ओरोनामिन सीसाठी हट्ट करतो. संघातली बाकी मुलंही पितात. देऊ का?

रोज नको. मी इथे मऊ बोलणार नाही, कारण बाटलीवर इतकी प्रेमाची जाहिरात आहे की आईला 'नाही' म्हणणं जड जातं.

आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १५०० किलोकॅलरी लागतात असं धरू. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेल्या साखरेतून दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. पाच टक्के म्हणजे ७५ किलोकॅलरी, साधारण १९ ग्रॅम साखर. या बाटलीत ७९ किलोकॅलरी आहेत. म्हणजे दिवसाची अख्खी साखर दोन घोटांत संपली. शिवाय आंबट आणि फसफसतं असल्याने दातांच्या वरच्या थराला त्रास. सरावानंतर त्याचं तोंड कोरडं असतं, लाळ कमी, तेव्हा तर जास्तच. कॅफीन थोडंच आहे, पण संध्याकाळी सहा वाजता मुलाला तेही कशाला?

सरावानंतर 'मुगीचा' द्या, म्हणजे भाजलेल्या जवाचा गार चहा. त्यात कॅफीन नाही, साखर नाही, आणि बाकी मुलांच्या थर्मासमध्येही बहुधा तेच असतं. बाटली सामना झाला त्या दिवशी. जिंकला काय, हरला काय, सामन्याच्या दिवशी. जी गोष्ट महिन्यातून दोनदा मिळते तिची आठवण राहते. रोज मिळणारीची राहत नाही.

प्रश्न : ओरोनामिन सीमध्ये कच्चं अंडं घालतात म्हणे! खरं की थट्टा?

खरं. जुन्या जाहिरातीत ओमुरा कोन स्वतः करून दाखवायचे. पेल्यात एक पिवळा बलक फोडायचा आणि वरून गार पेय ओतायचं. मिल्कशेकसारखं गुळगुळीत लागतं. जपानमधली अंडी कच्ची खाण्याच्या बेताने धुवून, तपासून, तारीख छापून विकतात, म्हणून तिथे हे चालतं. तारीख उलटलेलं अंडं अजिबात वापरू नका. दुधातही घालतात. पण आंबटपणाने दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं, तेव्हा दोन्ही बर्फासारखं गार हवं, आणि लगेच प्यायचं. रेंगाळलात तर तळाशी चोथा बसतो.

प्रश्न : नवरा बांधकाम कंपनीत इंजिनियर आहे, आम्ही ओसाकाला नवीन आहोत. त्यांच्या कामाच्या जागेवर काही घेऊन जावं अशी माझी इच्छा आहे. जपानी लोकांना काय आवडेल?

तुमचं पत्र वाचून मला आमचं अंगण दिसलं.

मी आले त्या उन्हाळ्यात ओबासानच्या घराचं छप्पर दुरुस्त होत होतं. सुतार आणि कौलं बसवणारे, पाच माणसं. जपानी कारागीर सकाळी दहाला आणि दुपारी तीनला काम थांबवतात, हे मला ठाऊक नव्हतं. तीनला दहा मिनिटं असताना ओबासान ट्रे घेऊन बाहेर गेल्या : तांदळाची कुरकुरीत बिस्किटं, ओले गार टॉवेल आणि ओरोनामिन सीच्या आठ बाटल्या. माणसं पाच. मी विचारलं, तीन जास्त कशाला? त्या म्हणाल्या, एखादा माणूस नंतर येईल, एखादा घरी मुलासाठी नेईल, आणि एक तुझी. अंगणात उकिडवं बसून मी ती पहिली बाटली प्यायले. चव कळायच्या आधी वास कळला, ब-कॉम्प्लेक्सची गोळी फुटल्यावर येतो तसा, मागून मध आणि मग नाकात बुडबुडे. सर्वांत म्हातारा सुतार माझा चेहरा पाहून मोठ्याने हसला आणि त्याने स्वतःची बाटली माझ्या बाटलीला लावली.

याला 'साशीइरे' म्हणतात, कष्ट करणाऱ्याला मध्येच नेऊन दिलेलं खाणंपिणं. ओरोनामिन सी त्यासाठीच बनल्यासारखं आहे. बाटली लहान, म्हणून घेणाऱ्याला ओझं वाटत नाही. किंमत थोडी, म्हणून परतफेडीची काळजी नाही. दहा बाटल्यांचा पुठ्ठ्याचा खोका सुपरमार्केटमध्ये मिळतो.

नवऱ्याला आधी विचारा, जागेवर बाहेरच्यांना प्रवेश आहे का. मोठ्या प्रकल्पावर नसतो, तिथे फाटकापाशी त्यांच्या हाती द्या. माणसं मोजा आणि दोन-तीन बाटल्या जास्त घ्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, नेताना बर्फाच्या पिशवीसोबत. कोमट बाटली नेण्यापेक्षा न नेलेली बरी. तीनच्या आधी पोहोचा. देताना 'ओत्सुकारेसामा देस' म्हणा, तुम्ही दमलात त्याची मला जाणीव आहे, असा त्याचा भाव. आणि रिकाम्या बाटल्या परत आणायला एक पिशवी न्या. काच एकीकडे, झाकणं दुसरीकडे. बऱ्याच ठिकाणी तपकिरी काच वेगळी टाकावी लागते. वार कोणता ते तुमच्या वॉर्डाच्या तक्त्यावर पाहा.